केला असेन बहुतेक

अमेरिकेत ॲन आर्बरला शिकायला आलो तेव्हा माझ्याकडे धड एकच कला होती, नकलांची. आमच्या बार्शीच्या शाळेत हेडमास्तरांपासून घंटा देणाऱ्या शिपायापर्यंत सगळ्यांची करून झाली होती. इथे पहिल्याच हिवाळ्यात तावडीत सापडला माझा रूममेट. हा कोरियन, केमिस्ट्रीत पीएचडी करणारा, माझ्याहून चांगला मोठा. म्हणून त्याला 'ह्योंग' म्हणायचं. त्यांच्यात मुलगे थोरल्या भावाला तशी हाक मारतात.

ह्योंगला विचारा, जेवलास का? समोर ताट रिकामं, ओठाला लाल तिखट लागलेलं, आणि हा म्हणणार, "मॉगन गॉत काथायो." म्हणजे, जेवलोय असं वाटतंय. आंघोळ केलीस का? केस ओले, खांद्यावर टॉवेल. केलीय असं वाटतंय. मी मान किंचित खाली घालून, शेवटचे शब्द पुटपुटत त्याची नक्कल करायचो आणि शनिवारच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, जमलेले मराठी काका-काकू पोट धरून हसायचे. एकदा तिथल्याच एका काकूंनी नवऱ्याला विचारलं, गॅरेजचं दार लावलंत का. काका म्हणाले, "लावलं असेन बहुतेक." काकू पर्स उचलून उठल्याच. "यांना खरंच माहीत नसतं," जाता जाता म्हणाल्या.

ह्योंगला मात्र माहीत असायचं. ठाम बोलणं म्हणजे समोरच्याच्या अंगावर जाणं, असं त्याला लहानपणापासून शिकवलेलं. मोठ्यांपुढे तर नकोच.

फेब्रुवारीत त्याच्या लॅबमधला नळ रात्रभर वाहिला आणि खालच्या मजल्यावरचं कुणाचं तरी महागडं मशीन भिजलं. त्या संध्याकाळी सगळ्यात शेवटी निघाला होता ह्योंग. नळ बंद केला होतास का, असं प्रोफेसरांनी विचारलं. हा म्हणाला, "आय थिंक आय क्लोज्ड. मेबी." झालं. सोमवारी ये आणि हो की नाही ते सांग, म्हणाले. ज्यावर त्याचा सगळा खर्च भागायचा ती असिस्टंटशिप त्यावर लटकली. आणि ती गेली असती तर त्याची बायको-मुलगी सेऊलहून यायच्या होत्या, तेही गेलं असतं. मुलीला त्याने अजून फक्त फोटोत बघितलं होतं.

रविवारी आम्ही प्रॅक्टिस केली. मी प्रोफेसर झालो. चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज नाकातून. ह्योंग ताठ बसायचा, 'आय क्लोज्ड इट' म्हणायचा आणि मागून शेपूट यायचंच, 'आय थिंक.' मी टेबलावर हात आपटायचो, तो हसायचा. पुन्हा सुरुवात, पुन्हा शेपूट. मग एकदा तो हसलाच नाही.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "आधी मला नक्की माहीत होतं. पण इतक्या जणांनी विचारलं, की आता नळावरचा माझा हातच आठवत नाही."

माझ्यातले प्रोफेसर तिथेच संपले. मी उठून चहा ठेवला.

सोमवारी तो गेला आणि स्वच्छ बोलून आला. बंद केला होता, बस. प्रोफेसरांनी मान हलवली, विषय मिटला. त्याच आठवड्यात प्लंबरने नळ खोलला, तर आतला वायसर पार झिजलेला. कितीही आवळून बंद केला असता तरी वाहिलाच असता. मी उड्या मारायला लागलो. पिझ्झा मागवू यार, म्हटलं.

ह्योंगने कोट चढवला. प्रोफेसरांकडे जायचंय म्हणाला.

"आता कशाला?"

"सोमवारी मी नक्की म्हणालो. तेव्हा मला नक्की नव्हतं. ते सांगायला."

मी दारात आडवा उभा राहिलो. मुलीचा फोटो दाखवला. प्रोफेसरांच्या आवाजात 'गो होम' म्हणूनही बघितलं. त्याने शांतपणे बुटांच्या नाड्या बांधल्या आणि बर्फातून चालत गेला. तो येईपर्यंत मी खिडकीपाशीच होतो.

प्रोफेसरांनी सगळं ऐकून घेतलं म्हणे. आणि दुसऱ्या दिवशी लॅब बंद करून सगळ्यात शेवटी निघायचं भरवशाचं काम कायमचं ह्योंगला दिलं. त्यामुळे एप्रिलमध्ये बायको-मुलगी येऊन तो वेगळ्या घरात जाईपर्यंत त्याला रोज घरी यायला उशीर व्हायचा. मला भूक आवरायची नाही, तरी थांबायचो. जिन्यात बुटांवरचा बर्फ झटकल्याचा आवाज आला, की भात वाढायला घ्यायचो.