सूचना क्रमांक तेरा

"यंत्र वापरण्यापूर्वी सर्व सूचना काळजीपूर्वक वाचा," हे वाक्य मी गेली वीस वर्षं पगार घेऊन लिहितो आहे.

सांता क्लाराच्या एका कंपनीत मी यंत्रांची माहितीपुस्तकं तयार करतो. लोक ती न वाचताच यंत्र चालू करतात, मग ते बिघडलं की आम्हाला शिव्या घालतात. या विषयावर मी घरी इतक्यांदा व्याख्यान दिलं आहे, की माझी पंधरा वर्षांची मुलगी इरा पहिल्या वाक्यालाच कानात इअरफोन घालते.

तर गेल्या हिवाळ्यात आम्ही फ्रीमाँटहून चार तास ड्राइव्ह करून डोंगरात एक लाकडी केबिन भाड्याने घेतली. आम्ही म्हणजे मी, बायको मेधा, इरा आणि नुकत्याच भारतातून आलेल्या माझ्या सासूबाई. सासूबाईंना बर्फ बघायचा होता. त्यांना दमाही होता. थंडी सोसत नाही आणि धूर तर त्याहून नाही. मेधाने बुक करतानाच मला दम भरला होता, "हीटिंग नीट आहे ना ते बघ. आईला काही झालं ना, तर मी तुला बर्फात पुरेन."

केबिनमध्ये हीटिंग होतं. एक वुड स्टोव्ह! पुढे काचेचं दार असलेली बिडाची काळी शेगडी, छपरातून वर गेलेला धुराचा पाइप आणि दाराखाली हवा कमी-जास्त करायची एक दांडी. शेजारी भिंतीवर मालकाने प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद चिकटवला होता. त्यावर बारा सूचना होत्या.

"बाबा, रीड इट ना," इरा म्हणाली.

"मला नको सांगू! सांगलीला आमच्याकडे बंब होता. माझं अख्खं बालपण बंब पेटवण्यात गेलंय."

(माझं अख्खं बालपण बंबाच्या पाण्याने आंघोळ करण्यात गेलं. बंब आमचे काका पेटवायचे.)

सासूबाईंनी शाल सावरत विचारलं, "पण शिरीषराव, बंब असायचा अंगणात, आणि तासाभरात विझायचा. ही घरात रात्रभर पेटवायची ना?"

"तत्त्व एकच हो, आई!"

दाराबाहेरच ताडपत्रीखाली लाकडांचा ढीग होता. मागे एक शेडही दिसत होती, पण तिथपर्यंत गुडघाभर बर्फ. जवळची लाकडं सोडून तिकडे कोण जाणार? मी चांगली मांडीएवढी जाड लाकडं उचलून आणली. ती पेटेनात. फुसफुस आवाज करत टोकांतून पाणी गाळत बसली. चार वर्तमानपत्रं, मेधाच्या रेसिपीचा एक प्रिंटआउट आणि पिझ्झाचं खोकं एवढ्यांचा बळी दिल्यावर कुठे एक मरतुकडी ज्वाळा उठली. तेवढ्यावर खूश होऊन मी शेगडी गच्च भरली आणि हवेची दांडी ढकलून पूर्ण बंद केली.

"हे काय केलंत?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवतात ना? तसंच. आता लाकूड हळूहळू जळणार. सकाळपर्यंत बघायला नको!"

"अहो, झाकतात तो लाल निखारा. ओलं लाकूड कोण झाकतं?"

मी हसलो. सासूबाईंपुढे जावई कसा हसतो, तसा समजूतदारपणे. शिवाय त्यांचा पलंग ओढून शेगडीजवळ आणून दिला, म्हणजे त्यांना जास्त ऊब मिळावी.

साडेसातला मेधाने पिठलं करायला घेतलं. आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. फ्रीमाँटच्या आमच्या टाउनहाउसमध्ये मिरचीची फोडणी घातली की स्मोक अलार्म बोंबलतो. त्यावर उपाय म्हणून हॉटेलांतून आणलेल्या शॉवर कॅपचा आमच्याकडे साठा आहे. मेधा तेल तापत ठेवते, मी खुर्चीवर चढून अलार्मला शॉवर कॅप घालतो, मग पंखा फुल्ल करतो आणि ओरडतो, "टाक!" बारा वर्षांच्या संसारात, म्हणजे त्या घरातल्या संसारात, आमचं एवढं एकमत दुसऱ्या कशावर झालेलं नाही.

केबिनमध्येही तेच झालं. मेधाने तेल ठेवलं, मी खुर्चीवर चढलो, छतावरच्या गोल पांढऱ्या डबीला गुलाबी शॉवर कॅप घातली, गॅसवरचा पंखा फुल्ल केला आणि ओरडलो, "टाक!"

पिठलं झकास झालं. पण जेवता जेवता मेधा जांभया द्यायला लागली.

"डोंगरातली हवा," मी म्हणालो. "हवापालटाने झोप येतेच."

इराने ताट बाजूला सारलं. "बाबा, आय हॅव अ हेडेक. लाइक, रिअली बॅड."

"चार तास फोनमध्ये डोकं घातल्यावर दुसरं काय होणार?"

माझंही डोकं ठणकत होतं, पण मी तर ड्राइव्ह केलं होतं. तेवढ्यात पलंगावर रजईत बसून जेवणाऱ्या सासूबाई खोकायला लागल्या. मेधाने धावत त्यांचा दम्याचा पंप आणला.

"मिरची जरा जास्तच झाली का गं?" मी विचारलं.

"ही मिरची नाही," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. "मिरची नाकात जाते, ठसका येतो आणि संपतं. हा धूर आहे. खिडकी उघडा."

"आई, सगळी ऊब जाईल हो!"

"ऊब जाऊ दे. नाहीतर मी जाईन!"

आता मी शेगडीकडे नीट पाहिलं. काच काळीकुट्ट झाली होती आणि दाराच्या फटीतून एक करडी रेघ सासूबाईंच्या उशीकडे निघाली होती. पाइपातून वर जायचा तो धूर खोलीत येत होता. मला हा चमत्कार कळेना. इरा मात्र भिंतीपाशी उभी राहून तो कागद मोठ्याने वाचत होती. "नंबर फोर, फक्त शेडमधलं वाळलेलं लाकूड वापरा. बाहेरचं पुढच्या वर्षीसाठी आहे. नंबर सिक्स, नव्याने लाकूड घातल्यावर हवा बंद करू नका. नंबर नाइन, शेगडी पेटलेली असताना किचनचा पंखा लावू नका, धूर उलटा घरात ओढला जातो. नंबर टेन, अलार्म वाजला तर सगळे ताबडतोब बाहेर..."

ती थांबली आणि वर बघू लागली.

"बाबा. व्हाय इज द अलार्म वेअरिंग अ शॉवर कॅप?"

मी खुर्ची ओढली आणि दुसऱ्या प्रयत्नात तिच्यावर चढलो. पहिला चुकला तो शेगडीमुळे की भीतीमुळे, अजून ठरलेलं नाही. मी कॅप ओढली आणि त्या डबीने अशी किंकाळी फोडली, जशी तासभर तोंड दाबून धरलेल्या माणसाने फोडावी. वर तिच्यातली एक बाई इंग्रजीत बजावत होती, "कार्बन मोनॉक्साइड! कार्बन मोनॉक्साइड!"

त्या वायूला वासच नसतो, आणि माणूस डोकं धरून जांभया देत देत झोपी जातो, एवढं मलाही माहीत होतं. आम्ही तिघांनी सासूबाईंना रजईसकट उचललं आणि बर्फात धूम ठोकली. इराने बाहेर येताच ९११ फिरवला. घाईत प्रत्येकाने हाताला लागेल ते उचललं होतं. मेधाने आईचा पंप, इराने फोन आणि मी पिठल्याची कढई.

पाच मिनिटांत समोरच्या घरातून एक सत्तरीची बाई अंगात फायरमनचा कोट आणि हातात वायू मोजायचं मीटर घेऊन आली. ती कॅरल. गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलात होती. तिने आम्हाला आपल्या ट्रकमध्ये बसवलं, मग आत जाऊन पंखा बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या. मागोमाग अँब्युलन्स आली. सगळ्यांना तपासलं. इरा ठीक, मेधा ठीक. सासूबाईंना थोडा वेळ ऑक्सिजन दिला आणि त्यांचा श्वास शांत झाला. त्या क्षणी मला रडू आलं. खरंच आलं! कढई मांडीवर घेऊन मी हुंदके देत होतो आणि अँब्युलन्सवाला विचारत होता, "सर, इज दॅट केमिकल?"

मीटर शून्यावर आल्यावर कॅरल आम्हाला आत घेऊन गेली. तिने शेडमधली लाकडं आणली. सासूबाईंनी त्यातली दोन उचलून एकमेकांवर आपटली. टण्ण! मग माझी दोन आपटली. थप्प. त्यांनी कॅरलकडे पाहिलं.

"एक्झॅक्टली!" कॅरल ओरडली.

त्यानंतर त्या दोघींनी, एकीने मराठीत आणि एकीने इंग्रजीत, मला शेगडी शिकवली. आधी बारीक लाकडांचा लख्ख जाळ करून पाइप चांगला तापू द्यायचा. मग लाल निखाऱ्यांवर दोन-तीन लाकडं ठेवायची, ती नीट पेटू द्यायची, आणि नंतरच हवा थोडी थोडी कमी करायची. पूर्ण बंद कधीच नाही. पलंग, शाली, मोजे, सगळं शेगडीपासून लांब. मधून मधून सासूबाई मेधाला सांगत होत्या, "मी हेच यांना सांगत होते."

मी रात्रभर खुर्चीत बसून आळीपाळीने अलार्मचा हिरवा दिवा आणि सासूबाई बघत होतो. उजाडलं तेव्हा काच स्वच्छ होती, आत निखारे होते आणि खोली छान उबदार. पण सासूबाई फारच शांत झोपल्या होत्या. मी हळूच त्यांच्या नाकापुढे बोट धरलं.

"आहे मी अजून," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "चहा ठेवा. आणि खिडकी किलकिली करा."

इतका आनंद मला उभ्या जन्मात झाला नव्हता. मी चहात साखर दोनदा घातली आणि त्या बिचाऱ्या शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या.

घरी आल्यावर शॉवर कॅपचा अख्खा साठा मेधाने कचऱ्यात टाकला. या वर्षी आम्ही धीर करून पुन्हा त्याच केबिनमध्ये गेलो. आत शिरल्या शिरल्या मी बॅगाही न ठेवता भिंतीवरचा कागद वाचायला उभा राहिलो. कागद नवीन होता, बारा सूचनांखाली लाल ठळक अक्षरांत एक जास्तीची छापली होती. "तेरा. अलार्मला शॉवर कॅप घालू नये."

वीस वर्षांत मी लिहिलेली एकही सूचना कुणी वाचल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ही मात्र, कॅरल सांगत होती, येणारा प्रत्येक जण वाचतो, दोनदा वाचतो, आणि विचारतो की असं कोणत्या गाढवाने केलं!