धुरपदाबाईची साक्ष

अशील खोटं बोललं तर वकिलाला चालवून घेता येतं. खरं बोललं तर उत्तमच. पण जे अशील तोंडाला कुलूप लावून बसतं, ते वकिलाचा जीव खातं. तोतारामने माझा वर्षभर खाल्ला.

सत्याऐंशी सालचा हिवाळा. सावद्याकडच्या एका खेड्यात लोटन नावाच्या शेतकऱ्याचा केळीच्या बागेत खून झाला. दिवे लागायच्या वेळी कोणीतरी मागून येऊन डोक्यात कुऱ्हाड घातली. थोडे दिवस आधी पाण्याच्या पाळीवरून शेजारच्या तोतारामने चारचौघांत त्याला ‘डोकं फोडीन’ असा दम भरला होता. लोटनची बायको सुंदरबाई हिने केळीतून पळणारी पाठ पाहिली आणि ती तोतारामचीच म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस गेले, तर त्याचा सदरा अंगणातल्या दोरीवर ओलाच. कालच्या संध्याकाळी कुठे होतास, याला उत्तर नाही. पोलिसांना आणखी काय पाहिजे? तीनशे दोन लावलं आणि जळगावच्या तुरुंगात आणून टाकलं.

त्याची आई धुरपदाबाई माझ्याकडे आली. माझ्या वडिलांचं, नेमीचंदजींचं, जळगावात कापडाचं दुकान. दिवसभर गादीवर बसणं मला कधी जमलं नाही, म्हणून मी वकील झालो. एका जागी मला बसवतच नाही. आमचे न्यायाधीश तर भर कोर्टात म्हणायचे, ‘निर्मलकुमार, जरा स्थिर उभे राहा, मला गरगरतं.’ अशा माणसासमोर ही बाई येऊन जी बसली ती हललीच नाही. काळी, वाळलेली, कपाळ मोकळं, नऊवारीचा काष्टा घट्ट. नवरा नथ्थू मेल्यावर केळीची बाग एकटीने सांभाळलेली. मजूर तिला टरकून असत. “माह्या पोरानं मारलं नई,” एवढंच म्हणाली. कशावरून, विचारलं, तर म्हणाली, “ते तुम्ही शोधा. वकील तुम्ही हायेत का मी?”

मी तुरुंगात गेलो. तोताराम समोर आला तो डोकं तुळतुळीत करून. म्हटलं, हे काय? म्हणाला, “उवा झाल्या व्हत्या, साहेब.” मी कागद चाळायला लागलो आणि एकदम थांबलो. मिशीही नव्हती. उवा काय मिशीत होतात? आम्ही जैन असलो तरी इथंच वाढलो. या भागात मिशी कोण आणि कधी काढतो, हे मला पक्कं ठाऊक. आई नाहीतर बाप गेल्याशिवाय शेतकऱ्याचा मुलगा मिशीला हात लावू देत नाही. याचा बाप जाऊन वर्षं लोटली होती. आणि आई तर माझ्या ओसरीवर बसून माझ्याच बायकोला डाळीची फोडणी शिकवत होती.

“कोण मेलं?” मी विचारलं.

तो गजांना धरून खालीच बसला. मग हळूहळू बाहेर आलं. नथ्थूने बोदवडला दुसरं घर केलं होतं. शेवंताबाई तिचं नाव. तिला एकच मुलगी, बेबाबाई, मुलगा नाही. शेवंताबाई वारली त्या दिवशी बेबाबाईचा नवरा कौतिक निरोप घेऊन आला. अग्नी द्यायला कोणी नाही, बापाचा लेक म्हणून तू चल. तोताराम गेला. ज्या वेळी इकडे लोटन पडला, त्याच वेळी तो बोदवडच्या स्मशानात मडकं खांद्यावर घेऊन सरणाभोवती फिरत होता. घरी आला, बाहेरच आंघोळ केली, सदरा पिळून दोरीवर टाकला. सुतक घरात जाऊ नये म्हणून. मग तुरुंगातच दहाव्या दिवशी न्हाव्याकडून डोकं-मिशी उतरवून घेतली.

मी तर उडीच मारली. “अरे गाढवा! मग खटला संपला की!”

“नई, साहेब.” तो हात जोडून म्हणाला. “बाप मेला तवा मायनं माह्याकडून शपथ घेतली व्हती. त्या बाईचा उंबरा चढला तं तुही माय मेली समज. मी चढलो. आता ते भर कोर्टात सांगलं अन् तिले खरंच काही झालं तं? तुम्ही मायले एक शबुद जरी सांगला, तं मी खून कबूल करून टाकीन.”

हसू नका. तो गंभीर होता. फाशीपेक्षा आईच्या शपथेला भिणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो. आणि कायदा असा, की अशिलाने विश्वासाने सांगितलेलं त्याच्या मर्जीशिवाय वकिलाने बाहेर काढायचं नाही. हातात चावी आणि कुलूप उघडायला बंदी! मी शिव्या घातल्या, समजावलं, त्याच्या बायकोच्या, लेकरांच्या आणा घातल्या. ढिम्म. तो ‘नई, साहेब’ म्हणायचा आणि मी तुरुंगाबाहेर येऊन रस्त्याने उगाच चालत सुटायचो.

खटला उभा राहिला. धुरपदाबाई तारखेला चुकली नाही. पहाटेची एसटी, फडक्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी. पोराच्या आधी मलाच खायला घालायची आणि माझं लक्ष तिच्या तोंडाकडे. हिला ठाऊक असेल का? विचारावं तर वचन मोडतं, न विचारावं तर पोरगा जातो. 

सुंदरबाईची साक्ष झाली. ती खोटं बोलत नव्हती, हे सर्वांत वाईट. नवरा डोळ्यांदेखत पडलेल्या बाईला जी पाठ दिसली, ती तिला शत्रूचीच वाटली. मी अंधार, केळीची पानं, अंतर सगळं विचारलं. ती रडत राहिली आणि न्यायाधीशांचा चेहरा मऊ होत गेला. मग ओला सदरा आला. सरकारी वकिलांनी तो दोन बोटांनी वर धरून विचारलं, निरपराध माणूस थंडीच्या दिवसांत अवेळी सदरा का धुतो? माझ्याकडे उत्तर होतं. मी ते गिळून बसलो. पायाने टेबलाखाली असा ताल धरला होता, की शिपायाने येऊन माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

आरोपीचा जबाब झाला. कुठे होतास? तोताराम म्हणाला, “आठवत नई.” संपलं सगळं, असं मला वाटलं.

मधल्या सुट्टीत धुरपदाबाई माझ्यापुढे उभी राहिली. “मले उभं करा.”

“काय सांगणार?”

“ते तठीच सांगीन.”

कोणताही शहाणा वकील असा साक्षीदार उभा करत नाही. ‘सदरा मीच धुतला, रक्ताचा होता’ असं भाबडेपणानं बोलून गेली तर? पण माझ्याजवळ दुसरं होतं काय? बुडत्याला काडीचा आधार. मी तिचं नाव दिलं. आरोपीच्या पिंजऱ्यातून तोताराम जोरजोरात मान हलवत होता. मी तिकडे पाहिलंच नाही.

कोर्टात अर्धं गाव होतं. लोटनचे भाऊबंद, तोतारामचे, दोन्हीकडचे. धुरपदाबाईने शपथ घेतली. मी विचारलं, “त्या संध्याकाळी मुलगा घरी केव्हा आला?”

“गावात बोंब उठल्यावर आला. घरात आला नई. कुपाजवळच उभा राह्यला. तोंडात कडुनिंबाचा पाला चावत व्हता. मंग हिरीवर जाऊन आंग धुतलं.”

“का?”

तिने पदर डोक्यावर ओढला.  “मयतावून आल्यावर का करत्यात, साहेब? माही सवत मेली व्हती. बोदवडले. निरोप आला तवा मी दारामागंच व्हती. यानं तिले आग देल्ही.”

पिंजऱ्यात तोताराम ‘माय!’ म्हणून ओरडला. पोलिसाने त्याला खाली दाबलं. इतकी वर्षं या बाईने गावाला सांगितलं होतं, की नथ्थूला एकच बायको, बाकी लोकांच्या चहाटळ गोष्टी. कोणी बोदवडचं नाव काढलं तर ती विहिरीवरून घागर टाकून निघून जायची. आज त्याच गावापुढे तिने स्वतःच्या तोंडाने ‘सवत’ म्हटलं. माझे डोळे भरून आले, सांगायला लाज कसली?

सरकारी वकील उसळून उठले. हा सगळा मागाहूनचा बनाव आहे. “बाई, पोराला वाचवायला तुम्ही खोटं बोलताय!”

धुरपदाबाई पहिल्यांदाच चिडली. “लबाडच बोलनं असतं तं तो माह्यापाशी जेवत व्हता म्हनली असती ना, साहेब. कोन बाई लबाड बोलून सोताच्या उरावर सवत घेते?”

मागच्या बाकावरची एक म्हातारी ‘खरं हाये वं माय’ म्हणाली. न्यायाधीशांनी तिला गप्प केलं, पण लिहिताना त्यांचा हात थांबला होता, हे मी पाहिलं.

मग वाट मोकळी झाली. पुढच्या तारखेला कौतिक आला. तो जावई, त्याचं कोण ऐकणार, म्हणून सरण रचून देणारा लाकडाच्या वखारीतला माणूसही मी आणला. त्याने तोतारामला ओळखलं. म्हणाला, मडकं फोडून हा मागे वळून पाहायला लागला, तर मीच याचं तोंड फिरवलं. सरकारी वकिलांनी फार उलटंसुलटं विचारलं नाही.

निकाल चैत्रात लागला. तोताराम सुटला. लोटनला कोणी मारलं, हे पुढेही कळलं नाही. सुंदरबाई कोर्टाच्या पायरीवर बसून होती आणि तिच्यासमोरून आनंदाने जाणं मला अवघड झालं.

बाहेर लिंबाखाली तोताराम आईपासून लांब उभा राहिला. जवळ जायची छाती होईना. मी त्याला पुढे ढकललं. तो पाया पडायला वाकला, तर ती मागे सरली.

“मले सारं ठाऊकच व्हतं. तू बोलला का नई?” तिने विचारलं. “मी मरीन म्हनून? इतकी कच्ची हाये का मी?”

“मग तुम्ही तरी आधी का बोलला नाहीत?” मी मध्येच म्हटलं. वर्षभराचा संताप होता माझा.

“मले वाटलं, तुम्ही सोडवसान. एवढं शिकलेले!” असं म्हणून तिने दशम्यांचं फडकं सोडलं. मला दिली, कौतिकला दिली. तोतारामच्या हातावर ठेवताना त्याच्याकडे पाहिलं नाही.

मग कौतिककडे वळून ती रागानेच बोलल्यासारखी बोलली, “आखाजी आली आता. तुही बायको माहेरी कुठी जाईन? तिची माय तं गेली.”

 आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खानदेशातली प्रत्येक लेक माहेरी येते, झोक्यावर बसते. जिला माहेर नाही ती त्या दिवशी दार लावून घेते.

“तोत्या,” धुरपदाबाई म्हणाली, “तुही बहीन हाये ती. जाऊन घेऊन ये. मी तिच्याशी बोलनार नई, सांगून ठेवते. पन झोका बांधजो.”