बाकाला बांधलेला हात

काल नातीच्या वेणीला लाल रिबीन बांधताना गाठ जरा घट्ट बसली आणि माझंच डावं मनगट ठणकल्यासारखं झालं.

पन्नास वर्षं होत आली. नागपूरच्या शाळेत मी तिसरीत होते. डाव्या हातानं लिहिते म्हणून आमच्या बाई रोज माझ्याच वेणीची रिबीन सोडून तो हात बाकाला बांधत आणि उजव्या हातानं लिहायला लावत. घरी कुणालाच ठाऊक नव्हतं.

वर्षाच्या शेवटी पालकांची सभा भरली. आपण मला कसं सुधारलं हे दाखवायला बाईंनी मला फळ्यावर 'सुस्वागतम्' लिहायला सांगितलं. मी खडू डाव्या हातात घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बाई माझा हात बाकाला बांधतात.' शेवटचा शब्द मी मुद्दाम सावकाश लिहिला. मागे बाईंचा श्वास फुललेला ऐकू येत होता आणि मला फार बरं वाटत होतं.

बाई डस्टर घेऊन धावल्या. कधी आवाज न चढवणारे माझे बाबा फळ्यासमोर जाऊन उभे राहिले. "राहू द्या बाई. सगळ्याइले वाचू द्या."

आईनं माझं मनगट हातात घेतलं. "काहून वं, वर्षभर सांगितलं काहून नाही?"

"मले वाटलं, तुमाले माहीत आहे."

आई तिथेच रडायला लागली. बाईही रडत होत्या. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाहून मोठी आहे. आईच्या रडण्याचं मला अजून वाईट वाटतं. बाईंच्या रडण्याचं नाही.