देगूचा आचारी

माझे दाजी बांग इन-सोप आमच्या गावात देगूचे आचारी म्हणून ओळखले जात. सैन्यात काय करत होतात, असं कुणी विचारलं की ते सांगायचे, "देगूच्या छावणीत मुळे चिरत होतो." लोक हसायचे, दाजीही हसायचे. त्यांनी देगूची छावणी कधी पाहिलीसुद्धा नव्हती. ते दीड वर्ष व्हिएतनामच्या लढाईत होते. गावात हे दोघींनाच ठाऊक होतं, माझ्या ताईला आणि मला. ताई गेल्यावर मी एकटीच उरले.

नामहे बेटावर आमचं लसणाचं शेत होतं आणि आम्हाला भाऊ नव्हता, म्हणून दाजी घरजावई होऊन आले. त्यांचं स्वतःचं गाव लांब डोंगरात. व्हिएतनामहून परतले तेव्हा त्यांची पाठ मानेपासून कमरेपर्यंत फोडांनी भरली होती. तिकडे छावणीच्या तारेभोवतीचं गवत मारायचं काम त्यांच्याकडे होतं. पाठीवर औषधाचा पंप, आणि पंप गळका. कुणी सांगितलं नाही की ते औषध माणसालाही बाधतं. घरी आले तर त्यांचे सख्खे काका चारचौघांत म्हणाले, "तिकडच्या बायांकडून काय घेऊन आलास रे?" तेव्हापासून त्यांनी व्हिएतनामचं नाव टाकलं. नव्या गावात येताना नवी गोष्ट घेऊन आले.

सणाच्या आधी सगळं गाव सार्वजनिक स्नानगृहात जायचं, दाजी घरीच पत्र्याच्या टबात आंघोळ करायचे. भर उन्हाळ्यात लसूण उपटतानाही त्यांचा सदरा बाह्यांसकट अंगावर. बायका म्हणायच्या, "तुझे दाजी फारच लाजरे गं!" मी म्हणायचे, "हो ना, नवरीसारखे."

त्यांना एकच मुलगी झाली, मिरान. ती नऊ वर्षांची असताना ताई पोटाच्या दुखण्यानं गेली. माझं सासर शेजारच्याच वाडीत. मी रोज जाऊन पोरीच्या वेण्या घालायचे, डबा भरायचे, पुढे सगळंच करायला लागले. मिरान सोळा वर्षांची झाली आणि तिच्या पायांतून चपला निसटायला लागल्या. तिला कळायचंच नाही. चपला मागे राहायच्या आणि ही तशीच अनवाणी चालत पुढे जायची. रात्री पायांना मुंग्या येतात म्हणायची. आम्ही सुया टोचून घेतल्या, काढे पाजले. लोकांना सांगितलं, लहानपणी घोटा मुरगळला होता.

ती अठरा वर्षांची होती त्या वर्षी सरपंचांनी भोंग्यावरून घोषणा केली. व्हिएतनामला गेलेल्या सैनिकांपैकी ज्यांना तिथल्या औषधाचा त्रास असेल त्यांनी नावं नोंदवावीत, सरकार तपासणी करेल, इलाज फुकट होईल. आमच्या गावातून मा पान-दोल नावाचा एकजण नाव नोंदवून आला. तोही तिकडे होता आणि ते तो दिवसातून दहा वेळा सांगायचा. दुकानापुढच्या लाकडी बाजेवर बसून त्यानं कागद फडकवला.

"हे बघा! आता आमचा इलाज सरकार करणार. आम्ही तिथं रक्त आटवलंय, देगूला मुळे नाही चिरले! काय हो, आचारी?"

"खरंय," दाजी म्हणाले आणि त्याच्या वाटीत माकगली, तांदळाची दारू, ओतली.

त्याच संध्याकाळी ते माझ्याकडे आले. मी अंगणात लसणाच्या जुड्या बांधत होते. ते उभेच राहिले.

"जोमरे, पान-दोल सांगत होता, पोरांनाही होतं म्हणे. पाय बधिर होतात."

माझ्या हातातली जुडी सुटली. मला सगळं एका क्षणात समजलं होतं. तरी मी म्हणाले, "तो काय डॉक्टर आहे?"

"मी नाव नोंदवून येतो. माझं मंजूर झालं तर पोरीचंही बघतील."

"आणि मग? गावभर होईल, मुलीत बापाचं विष उतरलंय म्हणून. कोण करून घेईल तिला? दाजी, तिला आई नाही. तिचं लग्न मलाच जमवायचंय. तेवढं होऊ द्या, मग खुशाल जा."

दाजींनी सुटलेली जुडी उचलून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "तू म्हणतेस तसं." त्यांनी माझं ऐकलं, आणि मी त्या दिवशी जिंकल्यासारखी आत जाऊन भात लावला.

वर्षभरात पान-दोलच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी कारण दिलं नाही, पण सगळ्यांना कारण माहीत होतं. मी दाजींना म्हणाले, "बघितलंत?" मीच बरोबर ठरले याचा मला केवढा आनंद झाला होता, हे आज लिहितानाही तोंड लपवावंसं वाटतं.

मिरानला मी सामचनपो बंदरातलं स्थळ आणलं. मुलगा ग्योंगमो बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. शांत, कामसू. बघायला आले तेव्हा मी मिरानला आधीच बसवून ठेवलं, म्हणजे चालताना कुणाला दिसायला नको. लग्न झालं. दाजींनी विचारलं, "आता जाऊ?" मी म्हणाले, तिला मूल होऊ द्या. मुलगा झाला, हान. दाजींनी पुन्हा विचारलं. मी म्हणाले, सासू खाष्ट आहे, कळलं तर पोरीला माहेरी धाडेल. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही. सवय होऊन गेली. ते पाठीला मलम लावत राहिले आणि मिरान भिंतीला धरून चालायला लागली.

ती एकतीस वर्षांची असताना मासळीबाजाराच्या पायऱ्यांवरून घसरली आणि तिचा घोटा मोडला. जिन्जूच्या मोठ्या डॉक्टरांकडे मीच तिच्याबरोबर गेले. त्यांनी मोडलेला घोटा बाजूला ठेवून दुसऱ्याच पायाला टाचणी टोचून पाहिली. खाली टोचलं, वर टोचलं. मिरान खिडकीबाहेर बघत होती. तिला काही लागतच नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं, "तुमचे वडील व्हिएतनामला होते का?"

मिरान हसली. "छे हो! आमचे बाबा सैन्यात आचारी होते, देगूला. साध्या होडीत बसले तरी त्यांना मळमळतं. हो ना गं मावशी?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. एक शब्द बोलायचा होता. मी पिशवीतून रुमाल काढला, नाक पुसलं आणि म्हणाले, "हो."

"मग दुसरं कारण शोधावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "पण आधी यायला हवं होतं. पायाला आधाराच्या पट्ट्या आणि व्यायाम वेळेत मिळाले असते तर स्नायू इतके सुकले नसते."

बसमध्ये मिरान माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. म्हणाली, "मावशी, तू नसतीस तर माझं काय झालं असतं!" मला बसमधून उतरून पळून जावंसं वाटलं.

मी त्याच दिवशी दाजींकडे गेले आणि घडलं ते सगळं सांगितलं, माझ्या 'हो'सकट. ते वाफ्यातलं तण काढत होते, तसेच उकिडवे बसून राहिले.

"आपल्याला हसली ती?" त्यांनी विचारलं.

"आपल्याला नाही. त्या प्रश्नाला हसली."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ठेवणीतला कोट घातला आणि पहिल्या बसनं माजी सैनिक कार्यालयात गेले. मी मागोमाग गेले. खिडकीवर एक तरुण बाई होती, मिरानच्याच वयाची. तिनं त्यांचा सैन्यातला क्रमांक विचारला. तीस-पस्तीस वर्षांत तो आकडा तोंडातून निघाला नव्हता, पण दाजींनी न अडखळता म्हणून दाखवला. तिनं यंत्रात पाहिलं.

"आहे की नाव, आजोबा. इतकी वर्षं का नाही आलात?"

दाजींनी खाली बघितलं. "काम होतं शेतात."

तिनं सगळं नीट समजावलं. आधी दाजींची तपासणी, त्यांचं दुखणं मंजूर झालं की मग मुलीचा वेगळा अर्ज, त्यावर मुलीची सही, मुलीची तपासणी. दाजींनी विचारलं, "मागच्या वर्षांचं काही? तिनं बरेच इलाज केलेत."

"अर्जाच्या तारखेपासून धरतात, आजोबा. मागचं नाही मिळत."

"मला नको. तिचंच विचारतोय."

"तिचंही नाही हो," ती हळूच म्हणाली आणि त्यांना पाणी आणून दिलं.

तपासणी बूसानच्या सैनिकांच्या इस्पितळात होती. बाहेरच्या बाकांवर सगळी दाजींच्याच वयाची माणसं. त्यात पान-दोल बसला होता, औषधं न्यायला आलेला.

"अरे, आचारी! तुम्ही इथं काय करताय? कुणाला भेटायला आलात?"

तेवढ्यात आतून पुकारा झाला. तुकडीचं नाव, मग बांग इन-सोप. दाजी उठून उभे राहिले. पान-दोलही त्यांच्याबरोबर उठला.

"कुठली तुकडी म्हणाली ती? अहो, ती तर आमच्या शेजारच्या टेकडीवर होती! इतकी वर्षं मी तुम्हाला मुळेवाला म्हणतोय, आणि तुम्ही माझ्याच वाटीत दारू ओतत बसलात?" मग त्याचा आवाज उतरला. "माझ्या पोरीचं मोडलं तेव्हा तुम्ही शेजारी बसला होतात. नुसतं एवढं म्हणाला असतात, मीही होतो तिथं. मला दुसरं काही नको होतं."

"चुकलं माझं," दाजी म्हणाले. आतमध्ये त्यांनी सदरा काढला. दार अर्धवट उघडं होतं. ती पाठ मी पहिल्यांदा पाहिली आणि दुसरीकडे तोंड फिरवलं.

दाजींचं मंजूर व्हायला पाच महिने लागले. मग मिरानची सही हवी होती. सामचनपोला ते एकटेच गेले, मला दारातच थांबवलं. "तू येऊ नकोस. हे माझं आहे." परतले तेव्हा अर्जावर सही होती. काय झालं ते त्यांनी थोडक्यात सांगितलं. मिरान ओरडली नाही, रडली नाही. तिनं एकच विचारलं, "हान माझ्या पोटात होता, तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?" ते हो म्हणाले. मग तिनं सही केली, कागद त्यांच्याकडे न देता जमिनीवर ठेवला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. कागद ग्योंगमोनं उचलून दिला. बसपर्यंत सोडायलाही आला.

"आणि माझं?" मी विचारलं. "माझं काय म्हणाली?"

"तुझं काय? मी सांगितलं, हे फक्त मलाच ठाऊक होतं. तुझ्या मावशीलाही मी देगूच सांगितलं होतं म्हटलं."

"दाजी, असं कशाला केलंत!"

"तिला आई म्हणून तूच आहेस. एकाच दिवसात दोघं कशाला जायची?"

मी त्यांच्या पाया पडायला हवं होतं, किंवा तडक सामचनपोची बस धरायला हवी होती. मी यातलं काहीच केलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, खरं सांगते.

मिरानला पायांच्या पट्ट्या मिळाल्या, औषधं मिळाली, दर महिन्याला व्यायाम शिकवणारी बाई मिळाली. सुकलेलं परत आलं नाही, पण पुढचं थांबलं. सासूनं थोडे दिवस भांडी आपटली. पुढे तीच शेजारणींना सांगायला लागली की आमच्या सुनेचा इलाज सरकार करतं. दाजींशी मिरान दोन वर्षं बोलली नाही. बूसानला दोघांची तपासणी एकाच दिवशी असली तर ती तीन बाकं सोडून बसायची. दाजी घरून तिच्यासाठी लसणाचं लोणचं नेऊन मधल्या बाकावर ठेवायचे. पहिल्यांदा बरणी तशीच परत आली. कितव्यांदा कोण जाणे, तिनं ती पिशवीत घातली.

दाजी फुप्फुसाच्या दुखण्यानं गेले. सरकारनं सैनिकांच्या स्मशानभूमीत जागा दिली होती, पण त्यांनी मला आधीच बजावलं होतं की तिथं नको, मी कुठल्या तोंडानं त्या लोकांत झोपू. मिरान ऐकेना. म्हणाली, "आयुष्यभर लपून राहिले, आता नाही." तिथल्या थडग्याच्या दगडावर तिनं व्हिएतनामची वर्षं कोरून घेतली.

एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मी सामचनपोला गेले आणि तिला सांगितलं, अंगणातल्या लसणापासून जिन्जूच्या 'हो'पर्यंत. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, शेवटपर्यंत घालतच राहिली.

"म्हणजे बाबा तेव्हाच जाणार होते," ती म्हणाली. "मी अठराची असताना."

"हो. मी अडवलं."

"मी त्यांच्याशी दोन वर्षं बोलले नाही, मावशी. आणि तू माझ्याच घरी येऊन किमची घालून जायचीस."

मी म्हणाले, "मला माफ कर असं म्हणायची मला लाज वाटते."

"मग म्हणू नकोस. आणि थोडे दिवस येऊ नकोस."

ते थोडे दिवस पावणेदोन वर्षांचे झाले. गेल्या वसंतात तिचा फोन आला. हाल विचारले नाहीत. म्हणाली, "ग्योंगमो बोटीबरोबर बाहेर आहे. मंगळवारी बूसानला फेरतपासणी आहे. इस्पितळात खूप चालावं लागतं. येशील?"

मी गेले. तिनं माझा हात धरला नाही, पिशवी मात्र मला धरायला दिली. पुढच्या तपासणीची तारीख लिहून घेताना तिनं मला विचारलं, त्या दिवशी मोकळी आहेस का. मी म्हणाले, आहे.