किलोभराचं बाळ कुठं राहतं?

वेळेआधी जन्मलेल्या बाळांचं पुढं काय होतं, ते शोधणं हे आमचं काम. त्यांची नजर, कान, वजन, चालणं, बोलणं आम्ही काही वर्षं तपासत राहतो. शोधनिबंध लिहायला बसलं की यातलं बरंच काही गाळावं लागतं. ते गाळलेलं चहाच्या टेबलावर साठतं. एकाला एक आठवतं, त्यावरून दुसऱ्याला दुसरं.

टेबलावर आम्ही चौघं असतो. कांबळे मॅडम आमच्या प्रमुख, मूळच्या नागपूरच्या, नवजात बाळांच्या डॉक्टर. सुरेखाताई घरोघरी जातात. अनिकेत आकडे सांभाळतो. आणि मी बाळांच्या विकासाच्या चाचण्या घेते.

*

कोथरूडचे एक आजोबा नातीला घेऊन आले. अकराची वेळ दिली होती आणि मलाच वीस मिनिटं उशीर झाला. मी माफी मागितली.

"असू द्या," ते म्हणाले. "आमच्या घरात वेळेआधी आलेली ही एकटीच. उशिराची आम्हाला सवय आहे."

ती दोन महिने आधी जन्मली म्हणून चाचणीसाठी आम्ही तिचं वय दोन महिने कमी धरतो, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मग हिला रिटायरही दोन महिने उशिरा करणार का?"

चाचणीत ठोकळा कपात टाकायचा होता. मी करून दाखवलं. तिनं ठोकळा पाहिला, कप पाहिला आणि दोन्ही माझ्याकडे सरकवले. मी लिहायला लागले तसे आजोबा पुढं वाकले.

"तिला कळत नाही असं लिहू नका. तिला पटलेलं नाही."

मी पेन खाली ठेवलं. थोड्या वेळानं पुन्हा ठोकळा दिला. या वेळी तिनं तो उचलला आणि कपात टाकला.

आजोबांनी चष्मा काढून पुसला. "आता पटलं," म्हणाले.

*

अनिकेत नवीन होता तेव्हाची गोष्ट. मीटिंगमध्ये त्यानं स्लाइड दाखवली. तपासणीला येणं बंद झालेल्या बाळांच्या रकान्याला त्यानं नाव दिलं होतं, 'हरवलेले'.

मॅडमनी विचारलं, "कोण हरवलं?"

"मॅडम, ही मुलं. फोन लागत नाहीत."

"का बरं? ती आपापल्या घरी आहेत, आईजवळ आहेत. हरवलो आपण. उद्यापासून तू सुरेखासोबत जा."

अनिकेत तीन आठवडे उन्हात फिरला. त्यानंतर रकान्याचं नाव त्यानं स्वतःच बदललं. आता तिथं लिहिलेलं असतं, 'अजून शोधायचे'.

*

एका बाळाची डोळ्यांची तपासणी त्याच आठवड्यात व्हायलाच हवी होती. फार आधी जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांचा पडदा बिघडू शकतो, आणि वेळ टळली तर नजर परत मिळत नाही. घर बदललेलं, फोन बंद. वडील मार्केट यार्डात हमाल आहेत आणि त्यांचं नाव बाळू, एवढंच माहीत होतं.

सुरेखाताई पहाटे कांद्याच्या गाळ्यांवर पोचल्या.

"बाळू हमाल कुठं भेटतील?"

"कोणता बाळू? इथं सात हायेत."

ताईंनी दोन-तीन ठिकाणी विचारलं. सगळीकडं हेच. शेवटी त्या म्हणाल्या, "ज्यांची मुलगी जन्मली तेव्हा किलोभराची होती, ते."

"मग तसं सांगा की. तो काय, तिसऱ्या ट्रकपाशी."

बाळूनं पाठीवरचं पोतं उतरवलं आणि ऐकून घेतलं. शेजारच्या टेंपोवाल्यानं भरायला घेतलेला माल थांबवला, त्याच्याच टेंपोतून तिघं बाळूच्या घरी गेले, तिथून बाळबाळंतिणीला घेऊन थेट हॉस्पिटलात. दुसऱ्याच दिवशी डोळ्यांना लेझर द्यावं लागलं.

उपचारानंतर मी बाळूला बाळ छातीशी धरायला सांगितलं. त्यानं हात पुढं केले आणि परत मागं घेतले. "मॅडम, पोतं पेलतंय. हे पेलंना."

आता ती मुलगी फरशीवरची मोहरी वेचून तोंडात घालते. बाळूची बायको तक्रार करते, की हिच्या नजरेतून काही सुटत नाही.

*

एका मोठ्या सोसायटीत वॉचमन सुरेखाताईंना प्रत्येक वेळी रजिस्टर भरायला लावायचा. 'कामाचं स्वरूप' या रकान्यात ताई खरं तेच लिहायच्या, 'बाळ हसतं का ते बघणे.'

दुसऱ्या खेपेला ताई परत जाताना वॉचमननं विचारलं, "हसलं का?"

"अजून नाही."

तिसऱ्या खेपेला त्यानं रजिस्टर उघडलंच नाही. "जा ताई. कालच हसलंय. माझ्याकडं बघून."

*

खडकवासल्याच्या पुढच्या एका गावात सविता नावाची आई होती. तिचा मुलगा फार लवकर जन्मलेला. यादीप्रमाणे मी वर्षाच्या तपासणीसाठी फोन केला.

"मॅडम, तो राहिला नाही," ती म्हणाली. "सातव्या महिन्यात गेला."

आमच्या यादीत ते आलंच नव्हतं. मी कशीबशी माफी मागितली.

मग ती म्हणाली, "कितीला यायचं म्हणालात?"

"सविता, यायची गरज नाही गं."

"दहाला येते."

ती आली, एकटीच. पिशवीतून तिनं शाळेची दोनशेपानी वही काढली. रोज किती दूध प्यायला, कधी ताप आला, कधी झोपला, सगळं तारखेनं लिहिलेलं.

"मॅडम, हे उतरून घ्या. दुसऱ्या कुणाच्या बाळाला लागंल."

कांबळे मॅडम माझ्या शेजारी बसून पानन् पान वाचत होत्या. शेवटच्या पानाआधी त्या थांबल्या. तिथं लिहिलं होतं, 'श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय.' त्याला दवाखान्यात नेलं त्याच्या दोन दिवस आधीची तारीख होती.

"हे धोक्याचं असतंय, हे मला माहीत नव्हतं," सविता म्हणाली.

"आम्ही सांगायला हवं होतं," मॅडम म्हणाल्या. त्या दिवसापासून घरी जाणाऱ्या प्रत्येक आईला हा खड्डा कसा ओळखायचा ते मॅडम स्वतः दाखवतात.

वहीतलं उतरवून मी फॉर्म पूर्ण केला. सवितानं वही पिशवीत ठेवली आणि उठली.

"पुढची तारीख कधीची?"

मी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी कॅलेंडर माझ्यापुढं सरकवलं. मी तारीख दिली.

त्या तारखेला सविता बरोबर दहाला आली. बाहेर बाकावर पहिल्यांदाच आलेली एक आई फाइल छातीशी धरून बसली होती. सविता तिच्याशेजारी जाऊन बसली आणि पिशवीतून वही काढली.