भाकरी तुमची, कढी माझी

जानेफळच्या रविवारच्या बाजारात कुठं खावं आणि कुठं खाऊ नये, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नसेल. मी दयाराम शिंपी. बाजारातल्या चिंचेला लागून एक ओटा आहे, त्यावर माझी मशीन. बाजाराच्या दिवशी शिवण कमी आणि गप्पा जास्त. भजी खायची तर वामनरावच्या हॉटेलात, पण सकाळच्या पहिल्या घाण्याची. दुपारनंतर त्याचं तेल पाहिलं की बैलगाडीच्या वंगणाची आठवण यायची. जिलेबी मारुतीच्या देवळासमोर, उभ्यानं, गरम आहे तोवर. चहा पुन्हा वामनरावकडंच, कारण बाकीच्यांच्या चहात दुधाचा पत्ता नसायचा. आणि बसून, पोट भरून जेवायचं असेल तर गोजरबाईकडं. पण ती जागा सुरू कशी झाली ते सांगितल्याशिवाय मी कोणाला तिथं पाठवत नाही.

गोष्ट सन त्रेसष्टची. महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती, पैशाला लोक अजून ‘नवा पैसा’ म्हणत होते, आणि दारूबंदी होती. ही दारूबंदी लक्षात ठेवा.

भजी, जिलेबी, चहा हे सगळं मी सांगितलं ते पुरुषांचं. हॉटेलात बाई बसत नसे. ‘हॉटेलात बसणारी’ ही तर शिवीच होती. आणि बाजारात भाजी-माळवं घेऊन बसणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका. पहाटे घरून निघायच्या, दोन-दोन कोस डोक्यावर पाटी घेऊन यायच्या. दुपार झाली की फडक्यातली भाकरी काढायची, चावडीच्या भिंतीकडं तोंड करायचं, पदर पुढं ओढायचा आणि कांद्यासोबत कोरडे घास गिळायचे. बाईमाणसानं चारचौघांत तोंड हलवायचं नाही, असा रिवाज. पंधरा वर्षं मी ते दर रविवारी पाहिलं आणि मला त्यात काहीच दिसलं नाही, हे आधीच कबूल करतो.

दिसणार तरी कसं? माझ्या घरी काय वेगळं होतं? माझी बायको अन्नपूर्णा डबा घेऊन ओट्यापाशी यायची, मी जेवेपर्यंत उभी राहायची आणि रिकामा डबा घेऊन परत जायची. घरी कढी-गोळे, म्हणजे कढीत सोडलेले डाळीचे गोळे, झाले की सगळे गोळे माझ्या ताटात. ‘मले नाही आवडत,’ ती म्हणायची. मला ते सोयीचंच होतं.

गोजरबाई निवृत्ती माळ्याची बायको. पस्तिशीची, ठेंगणी, आवाज असा की बाजाराच्या ह्या टोकाला बोलली तर त्या टोकाच्या म्हशीनं कान टवकारावेत. वांगी आणि सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, घेऊन बसायची. कोणी वांगी दाबून-दाबून पाहायला लागलं की ती म्हणायची, ‘भाऊ, वांगे हायेत, लग्नाले पाहाची पोरगी नाही. घ्याचं असन तं घ्या.’ तिच्याशी घासाघीस करायला मीसुद्धा जात नसे.

तिच्या शेजारी सत्यभामाबाई नावाची म्हातारी बसायची. सत्तरीची, कोणाच्या अध्यात ना मध्यात. एका रविवारी भिंतीकडं तोंड करून जेवता जेवता तिला ठसका लागला. कोरड्या भाकरीचा घास अडकला, डोळे पांढरे व्हायची वेळ आली. गोजरबाई पळत वामनरावच्या हॉटेलाकडं गेली.

‘पाणी द्या, लवकर,’ ती म्हणाली.

‘बाई, पायरी चढू नको. बाहेरच थांब, पाठवतो,’ वामनराव म्हणाला. तसा तो वाईट माणूस नव्हता. आत गिऱ्हाइकं बसली होती, रिवाज होता, आणि तो रिवाजाप्रमाणं बोलला.

पाणी आलं, पण दोन चहा देऊन झाल्यावर. तोवर गोजरबाईनं वाट पाहिली नाही. तिनं माझ्या ओट्यावरचा माठच उचलला. म्हातारी वाचली. मात्र गोजरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला होता. माझा माठ दाणकन् ठेवत ती म्हणाली, ‘दयाराम भाऊ, माणसाले खाली बसून घास गिळाले जागा नाही, हा कोणता बाजार म्हणाचा?’

घरी जाऊन तिनं नवऱ्याला सांगितलं की पुढच्या रविवारपासून मी चिंचेखाली बायकांसाठी कढी-गोळे घेऊन बसणार. निवृत्ती दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस. तो म्हणाला, ‘कढी तुही. मंग मले काऊन इचारून राह्यली?’ त्याच्या हिशेबात तेवढ्यात सगळी परवानगी आली.

पुढच्या रविवारी चिंचेखाली तीन दगडांची चूल पेटली. भिजवलेली हरभऱ्याची डाळ पाट्यावर रगडून केलेले गोळे, लसणाची फोडणी दिलेली पिवळीधमक कढी, मिरचीचा ठेचा आणि मडक्यात गार मठ्ठा. गोजरबाईनं हाळी दिली, ‘भाकरी तुमची, कढी माही! या, बसा!’

एकही बाई बसली नाही. वासानं जवळ येत, कढीकडं पाहत, पुरुषांकडं पाहत आणि मागं सरकत. सत्यभामाबाई तेवढी दोन पावलं पुढं आली आणि हळूच म्हणाली, ‘गोजर, लोकं पाहून राह्यले व. माह्या सुनेनं बी मले खाताना कधी पाह्यलं नाही. आडोसा असता तं बसलो असतो.’

आडोसा! गोजरबाईला पटलं, मलाही पटलं. मी सहा पोती उसवून, जोडून, पक्की दुहेरी शिवण घालून लांबलचक पडदा शिवला. गोजरबाईनं तो चिंचेला आणि दोन बांबूंना बांधला आणि बायकांना शब्द दिला, ‘आता कोणी पाहत नाही. माही जबान.’

त्या दिवशी सात जणी बसल्या. पुढच्या रविवारी वीस. मग तर आळीपाळीनं पंगती उठू लागल्या. पण आमची चूक इथंच झाली. कढी उघड्यावर होती तोवर ती कढी होती. पडद्याआड गेली आणि ती काय असेल, यावर बाजार विचार करायला लागला.

बाहेरून दिसायचं काय, तर बायका पडद्याआड जात आणि अर्ध्या घटकेनं बाहेर येत. ठेचा असा जहाल की येताना डोळे लालभडक, नाकं ओली, तोंड पदरानं पुसत, आणि हसत. बाजारात मोठ्यानं हसणाऱ्या बायका जानेफळनं तोवर पाहिल्या नव्हत्या. त्यात ती फडकं बांधलेली मडकी. न्हावी माझ्या ओट्यावर येऊन टेकला आणि डोळा बारीक करून म्हणाला, ‘काय बे दयाराम, पडदा तूच शिवला ना? आतमंदी काय चालते?’

आता मला सरळ ‘कढी’ म्हणता आलं असतं. पण बाजार माझ्या तोंडाकडं पाहत होता, आणि आपल्याला काहीतरी ठाऊक आहे असं दाखवायची खोड मला जन्माची. मी फक्त हसलो.

त्या हसण्याचं काय झालं ते ऐका. न्हाव्यानं ते वामनरावच्या हॉटेलात नेलं, तिथं त्याला भज्यांसोबत तोंडी लावलं गेलं, आणि दोन रविवारांत सगळ्या पंचक्रोशीला माहीत झालं की जानेफळच्या चिंचेखाली बायका दारू पितात.

कार्तिकातल्या एका रविवारी भर दुपारी ठाण्यातून जमादार आला. परगावचा, नवीन, शांत माणूस. त्याच्यामागं अर्धा बाजार, सगळ्यांत पुढं वामनराव. पडद्याआड तेव्हा सात जणी जेवत होत्या. बाहेर पावलं वाजली तसे आतले आवाज एकदम बंद झाले.

‘बाई, पडद्यामागं काय आहे?’ जमादारानं विचारलं.

‘कढी,’ गोजरबाई म्हणाली. तिच्या हातात पळी होती.

‘आणि मडक्यात?’

‘मठ्ठा.’ तिनं आतून मडकं आणून त्याच्यापुढं धरलं. त्यानं हुंगलं. जिऱ्याचा वास आला असणार, कारण त्याचा चेहरा सैल पडला. तो बहुतेक परत फिरला असता. पण गर्दीतून वामनराव म्हणाला, ‘साहेब, हे दाखवाचं मडकं. आतलं येगळं राह्यते.’

‘पडदा काढा, बाई,’ जमादार म्हणाला. ‘आत पाहिल्याशिवाय मला जाता येणार नाही.’

गोजरबाई जागची हलली नाही. तिची कोंडी मला दिसत होती. पडदा काढला तर शब्द मोडला, आणि त्या सात जणीच काय, कोणतीच बाई पुन्हा तिथं बसणार नाही. नाही काढला तर दारूचा शिक्का कायमचा, चूलही गेली आणि निवृत्तीच्या घराची अब्रूही गेली. हे सगळं माझ्या एका हसण्यानं झालं होतं.

‘साहेब,’ ती म्हणाली, ‘आत सात बाया जेवून राह्यल्या. मी त्याईले जबान देल्ली हाय. त्याईचं पोट भरू द्या, हात धुऊ द्या. मंग माहा पडदा फाडा, नाही तं मले घेऊन चाला.’

मी ओट्यावरून उतरलो आणि मध्ये घुसलो. ‘साहेब, आत खरंच कढी आहे. चूक माझी आहे. मी हसलो होतो,’ असं काहीतरी बोललो. लोक फिदीफिदी हसले. जमादारानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू दारू मीच प्यालो असेन.

तेवढ्यात पडदा हलला.

आतून कोणीतरी गाठी सोडत होतं. आधी दोन्ही बांबूंच्या सुटल्या, मग चिंचेची, आणि माझी सहा पोती धप्पकन् मातीत पडली. गाठी सोडणारी सत्यभामाबाई होती. जिच्या संकोचापायी पडदा शिवला, तीच. मागं सहा जणी ओळीत, एकीचा गोळा तोंडापाशी तसाच थांबलेला. आता ह्या उठतील, भिंतीकडं तोंड करतील, पळतील, असं मला वाटलं. अख्खा बाजार त्याचीच वाट पाहत होता.

म्हातारी सावकाश आपल्या जागेवर गेली आणि बसली. बाजाराकडं तोंड करून. डोईवरचा पदर मागं सारला, भाकरीचा तुकडा मोडला, कढीत बुडवला आणि सगळ्यांच्या देखत खाल्ला. चांगला चावून चावून. मग म्हणाली, ‘गोजर, गोळा वाढ व. अन् कढी दाट घाल.’

गोजरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही. तशीच वाढायला धावली. बाकीच्या सहा जणींनी एकमेकींकडं पाहिलं आणि त्याही जेवायला लागल्या. कोणी उठलं नाही.

‘साहेब, तुमी बी बसा,’ म्हातारी म्हणाली. ‘भाकर हाय का तुमच्यापाशी? नसन तं माही अर्धी घ्या.’

जमादार काय करणार? टोपी काढून बसला. भाकरीला ठेचा लावून त्यानं मोठा घास घेतला, आणि दुसऱ्याच क्षणी त्याचे डोळे लालभडक, नाकाला धार, तोंडावर रुमाल. गोजरबाई त्याच्या वाटीत मठ्ठा ओतत गर्दीकडं वळली आणि त्या म्हशींना ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाली, ‘वामनराव, पाहून घ्या. साहेबाले चढली.’

बाजार असा हसला की चिंचेवरचे पोपट उडाले. जमादारही हसला. वामनराव कधी निघून गेला ते कळलंच नाही. पण महिन्याभरानं त्यानं हॉटेलाच्या पायरीशी पाण्याचा माठ आणून ठेवला, आणि तो सगळ्यांसाठी होता, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

पडदा पुन्हा बांधला नाही. गोजरबाईनं ती पोती झटकून चिंचेखाली अंथरली, बसायला. माझी शिवण पक्की. पुढं कितीतरी वर्षं त्यावर पंगती बसल्या.

पुढच्या रविवारी अन्नपूर्णा माझा डबा घेऊन आली. डबा ओट्यावर ठेवला, पण उभी राहिली नाही. पदरातून भाकरी काढली आणि पोत्यावर जाऊन बसली, सत्यभामाबाईला लागून, बरोबर माझ्या समोर. आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि तिला जेवताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आधी ती नुसती कढी प्यायली. मग एक गोळा खाल्ला, डोळे मिटून. मग दुसरा. माझी मशीन कधी थांबली ते मला कळलं नाही.

गोजरबाई पळी घेऊन उभी होती. ‘वैनी, आणखी?’

अन्नपूर्णानं माझ्याकडं पाहिलं. नजर न काढता वाटी पुढं केली.

‘दोन घाल,’ ती म्हणाली. ‘मले लई आवडते.’