दादाला मी दिलेली माफी

आमच्या घरात गेली चाळीस वर्षं एक गोष्ट सांगितली जाते. मी फौजेतून पैसे पाठवायचो, थोरला भाऊ त्यातले निम्मे खायचा, आणि मी मोठ्या मनानं त्याला माफ केलं. माझ्या मुलांनी ती त्यांच्या मुलांना सांगितली. ती खोटी आहे. कशी, ते लिहून ठेवतो.

आमचं गाव मुखेड तालुक्यात. वडील गेल्यावर दादा घरातला कर्ता, म्हणून माझ्या पगारातली मनीऑर्डर त्याच्याच नावानं यायची. बायकोच्या नावानं पाठवावी हे तेव्हा आमच्याकडे कुणाच्या डोक्यातही येत नसे. पलटणीत एक सुभेदारसाहेब होते. पगाराच्या दिवशी आम्हाला झाडाखाली बसवून सांगायचे, "पस्तिशीत घरी जाल. पेन्शन पोटापुरती. फंडात टाकलं तेवढं तुमचं, घरी गेलं ते गेलं." ते खोटं सांगत नव्हते. ज्यांनी त्यांचं ऐकलं त्यांची घरं उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

त्याच सुमारास लातूर जिल्हा झाला. उदगीरकडचा एक जवान सुट्टीवरून आला आणि म्हणाला, "लातुरात कचेऱ्या येऊन राहिल्या. जो तो प्लॉट घेऊन राहिला." मी फंडाची कपात वाढवली आणि मनीऑर्डर निम्मी केली. घरी कळवलं नाही. कळवलं तर दादा बैल, बियाणं, बहिणीचं बाळंतपण पुढं करील आणि मी विरघळेन, ही भीती. नियोजन म्हणून ते चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. पण त्या साली पाऊस गेला. पुढच्या सालीही गेला.

दुसऱ्या उन्हाळ्यात सुट्टीवर आलो तेव्हा बायको पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती. बोटांना चिंध्या बांधलेल्या. जेवण वाढताना तिनं, बाहेर दादाला ऐकू जाईल अशा आवाजात, विचारलं, "खरं सांगा, किती पाठवता?"

"पहिल्याइतकेच की."

चिंध्या बघून तोंडातून ते निघून गेलं.

"मग विचारा तुमच्या दादाला! मी खडी फोडून राहिले अन् जाऊबाईच्या अंगावर नवं लुगडं."

दादा अंगणात दोरी वळत होता. त्याचा हात थांबला. "लुगडं तिच्या माहेरचं हाय. पैसे निम्मेच येऊन राहिले, लई दिवस झाले." तो उठला, कोनाड्यातला मनीऑर्डरच्या कुपनांचा गठ्ठा आणून माझ्या हातात ठेवला. "तू शिकलेला हायस. वाच हिला."

घरात वाचता येणारा मी एकटा. प्रत्येक कुपनावर रक्कम स्पष्ट होती. वरची दोन-तीन पाहिली, गठ्ठा खिशात घातला आणि म्हणालो, "राहू दे दादा. दुष्काळाचं साल. घरातला पैसा घरातच गेला. मी मनात धरत नाही."

"मनात धरत न्हाईस?" दादा म्हणाला. माझ्याकडे बघत राहिला.

महिन्याभरात चुली वेगळ्या झाल्या. पारावर लोक म्हणाले, फौजी दिलदार माणूस. यात्रेची वर्गणी दरसाल दादाकडे जमा व्हायची. पुढच्या यात्रेला ती दुसऱ्याकडे गेली. दादाला कुणी तोंडावर काही बोललं नाही. मी माफ केलेलं असल्यामुळे बोलायचं कारणच उरलं नव्हतं.

पुढं फंडातून लातूरचा प्लॉट झाला, घर झालं, मुलं शिकली. दादा वारला. बायको परवा-परवापर्यंत होती. गावी गेली तरी त्याच्या दारात पाणी प्यायली नाही. तिला सांगायला मला चाळीस वर्षं होती. कुपनं मी जाळली नाहीत, पेन्शनच्या कागदांत ठेवली. का ठेवली, माहीत नाही.

गेल्या महिन्यात इथवरचं लिखाण आणि ती कुपनं घेऊन गावी गेलो. दादाच्या मुलाला दिलं. तोही आता पंचेचाळिशीचा झालाय. चष्मा लावून त्यानं सगळं वाचलं, कुपनं एकेक करून बघितली.

"काका, एक राहिलं यात," तो म्हणाला. "वाचून वाटतं बाबा गप बसले. गप नव्हते बसले. पारावर सांगायचे, सोयऱ्यांत सांगायचे, मरेस्तोवर सांगत होते. कुणी ऐकलं न्हाई. लोक म्हणायचे, अरे तुझा भाऊ एवढा दिलदार, अन् तू अजून त्याच्यावरच ढकलून राहिलास?"

मला हे माहीत नव्हतं. लातूरला मला हे कोण सांगणार होतं?

"मला दाखवून काय उपयोग?" कागद माझ्या हातात परत देत तो म्हणाला. "मला माहीत होतं. चला पारावर."

पारावर तीन म्हातारे होते. मी उभा राहून कुपनं वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकाला कमी ऐकू येतं. त्याच्यासाठी प्रत्येक रक्कम मोठ्यानं दोनदा सांगावी लागली.